उठलेल्या गावाच्या जागेवर कुरण: चितळांचा मार जुलैत बसतो

प्रश्न थोडक्यात असा. विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पातलं गाव पुनर्वसन होऊन उठलं आणि गावठाण-शेती मिळून २० हेक्टर मोकळी जागा नियतक्षेत्रात (वनरक्षकाच्या बीटमध्ये) आली. दोन पावसाळे तिथं मारवेल आणि शेडा या चाऱ्याच्या गवतांचं बी टाकलं, ठोंब लावले. संध्याकाळी ८० च्या आसपास चितळ उतरतात, अधूनमधून १२ गव्यांचा कळप येतो. गवत चार बोटांच्या वर जात नाही आणि मधल्या उघड्या जमिनीवर तरोट्याचं (टाकळ्याचं) तण कंबरेला लागतं. आता पुन्हा बी आणायचं, खत द्यायचं, की सगळ्यालाच कुंपण घालायचं?

तिन्हींच्या आधी कागद-पेन्सिल घ्या आणि किती तोंडं आहेत ते मोजा.

कळपात माद्या, पाडसं, नर सगळे धरून चितळाचं सरासरी वजन ४५ किलो मानलं आणि ते रोज वजनाच्या अडीच टक्के सुकं खाद्य खातं असं धरलं, तर एका जनावराला दिवसाला साधारण १.१ किलो सुकं गवत लागतं. ८० चितळांचे झाले ८८ किलो. गव्यांच्या कळपात सरासरी वजन ५०० किलो आणि आहार दोन टक्के धरला तरी एका गव्याला १० किलो, म्हणजे १२ गव्यांना १२० किलो. बारा गवे ऐंशी चितळांपेक्षा जास्त खातात. ‘चितळांनी खाल्लं’ असं आपण सहज म्हणतो, कारण चितळ डोळ्यांसमोर असतात. गवे रात्री येऊन जातात.

१५ जून ते १५ ऑक्टोबर हे १२० दिवस घ्या. चितळांचे साडेदहा टन. गवे निम्मंच पोट इथं भरतात असं धरलं तर त्यांचे सात टन. मिळून साडेसतरा टन. आता दुसरी बाजू बघा. चरून उतरलेलं कुरण पावसाळ्यात हेक्टरी एक टनाच्या आसपास सुकं गवत देतं. त्यातलं निम्मं जनावरांनी खावं आणि निम्मं मुळांसाठी, बियांसाठी, माती झाकायला राहावं, हा चराईचा जुना हिशेब. २० हेक्टरांत १० टन उपलब्ध, मागणी साडेसतरा. तेच कुरण चांगल्या स्थितीत हेक्टरी अडीच टन देऊ लागलं तर २५ टन उपलब्ध होतात आणि तीच ८० चितळं, तेच १२ गवे आरामात पोसले जातात.

तुमची जागा लहान नाही. ती खालच्या पायरीवर अडकली आहे, आणि तिथून वर यायला जी उसंत लागते ती भुकेली तोंडं देत नाहीत. बी कितीही टाका, उगवलेलं पहिल्या महिन्यात पोटात जातं. खत दिलं तर पान कोवळं आणि गोड होतं, आणि आणखी आवडीनं खाल्लं जातं.

जुलैतला घास महाग का

कुरणाची काळजी करणारे बहुतेक जण उन्हाळ्याची चिंता करतात. एप्रिल-मेमध्ये जमीन उघडी दिसते, म्हणून पाणवठे, चाऱ्याची सोय, सगळं लक्ष तिकडे. चितळ मात्र त्या दिवसांत बऱ्याच अंशी जंगलात असतं. मोहाची फुलं, पडलेली फळं, वानरांनी झाडावरून टाकलेला पाला यावर त्याचं चालतं. पहिला पाऊस पडून कोंब फुटले की तेच कळप मोकळ्यावर येतात आणि पावसाळ्यातच त्यांचे मोठे जथे दिसतात.

नेमकं तेव्हाच बहुवर्षायू गवत सर्वांत कमजोर असतं. आठ महिने मुळांत आणि बुडख्यात साठवलेला साठा मोडून ते पहिली दोन-तीन पानं बाहेर काढतं. ती पानं अन्न तयार करायला लागली की साठा परत भरतो. त्याआधीच ती खाल्ली तर झाड दुसऱ्यांदा साठ्यातून पानं काढतं, मग तिसऱ्यांदा. ऑगस्टपर्यंत मुळांची वाढ थांबते, सप्टेंबरात तुरा येत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तो ठोंब फुटतच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, बी पडून गेल्यावर, तोच ठोंब बुडाला ओरबाडला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. तेव्हा साठा खाली मुळांत गेलेला असतो.

म्हणून १५ जून ते ऑक्टोबरअखेर ही विश्रांती हाच सगळ्या कामाचा गाभा आहे. बाकीच्या गोष्टी तिच्या आजूबाजूच्या.

जमीन आधी वाचा

एक दिवस काढून सगळ्या २० हेक्टरांत फिरा. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर सर्वांत जास्त दिसतं.

गुडघ्यावर बसून एक जुना ठोंब बघा. त्याचा बुडखा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीत आहे, की दोन-तीन बोटं उंच मातीच्या खांबावर बसल्यासारखा दिसतो? उंच दिसत असेल तर ठोंब वर आलेला नाही, भोवतालची माती वाहून गेली आहे. पांढरी मुळं बाजूनं उघडी पडलेली असतात. असे ठोंब वरून हिरवे दिसले तरी त्यांचे दिवस मोजलेले असतात. बोटांनी बुडखा हलवा. डुगडुगला तर तो पुढच्या चिखलात गव्याच्या खुरानं उपटला जाणार.

मग तुरे शोधा. मारवेलाचा तुरा ओळखायला सोपा, हाताच्या बोटांसारख्या फांद्या आणि पेरांवर पांढऱ्या लवेचं कडं. शंभर पावलांत एकही तुरा दिसला नाही तर त्या वर्षी मारवेलानं बी धरलेलं नाही. बीच नाही म्हटल्यावर पुढचं गवत कुठून येणार?

कोणतं गवत उरलं आहे त्यावरून ताण किती वर्षांचा आहे ते कळतं. चराई वाढली की आधी शेडा आणि पवन्या जातात, कारण त्यांचा वाढीचा कोंब लवकर वर येतो आणि तोंडात सापडतो. मग मारवेल विरळ होतो. कुसळी, पालवण, हरळी टिकतात. तीही संपली की एका पावसात उगवून मरणारी बारकी गवतं आणि शेवटी तरोटा, रानतुळस, गाजर गवत. हरळी-लहान मारवेलाची घट्ट चटई असेल तर ती जागा बिघडलेली समजू नका. ती चितळांनीच राखलेली हिरवळ आहे. तोकडं, दाट, पुन्हापुन्हा फुटणारं गवत त्यांना हवंच असतं. बिघाड म्हणजे उघडी माती. तेवढा फरक लक्षात आला तरी निम्मा खर्च वाचतो.

(गवतांची नावं तालुक्याला बदलतात. एका गावचा पवन्या दुसऱ्या गावचा शेडा असतो. बी मागवताना नावावर विसंबू नका, तुऱ्यासह वाळवलेला नमुना कागदात दाबून सोबत द्या.)

उठलेल्या गावाच्या जागेत आणखी दोन गोष्टी बघायच्या. जुन्या विहिरी: कठडा नसलेली प्रत्येक विहीर पहिल्याच वर्षी जाळी टाकून किंवा भरून बंद झाली पाहिजे. रात्री बिचकून पळणारा कळप आणि गवतात लपलेलं विहिरीचं तोंड, यापुढे वेगळं सांगायला नको. आणि गोठ्यांची जागा. वर्षानुवर्षं शेण-मूत मुरून तिथली जमीन कसदार झालेली असते, हरळी जोमात असते आणि चितळ तिथंच बसतात. ती जागा त्यांना सोडून द्या.

पाच तुकडे, चार वर्षं

२० हेक्टरांचे चार-चार हेक्टरांचे पाच तुकडे पाडा. गोठाण आणि पाणवठ्याजवळचा तुकडा कायमचा खुला: तिथं पेरायचं नाही, बंद करायचं नाही. बाकी चारांपैकी दोन पहिली दोन वर्षं पावसाळ्यात बंद, उरलेले दोन त्यानंतरची दोन वर्षं. एका पावसाळ्याच्या विश्रांतीनं भागत नाही. पहिल्या वर्षी गवत मुळं भरतं, बी धरतं दुसऱ्या वर्षी.

चार हेक्टरच का? २०० बाय २०० मीटरच्या तुकड्याला ८०० मीटर कुंपण लागतं, म्हणजे हेक्टरी २००. तोच एक हेक्टरचा चौकोन केला तर ४०० मीटर. दुप्पट खर्च करून लहान तुकडा बंद करण्यात अर्थ नाही. उलट निम्म्याहून जास्त जागा एकदम बंद केली तर उघड्या भागावर एवढा भार येतो की तिथली हरळीही जाते. बंद केलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटून ठेवू नका, मधे किमान ५० मीटरची वाट मोकळी राहू द्या.

संरक्षित क्षेत्रात हे काम मंजूर व्याघ्र संवर्धन आराखड्यात असल्याशिवाय सुरू करता येत नाही. गवत कापणं, झुडपं काढणं हेही त्यात आलं. आराखड्यात ‘कुरण विकास’ एवढाच शब्द असेल तर कुंपणाचा तपशील, मुदत आणि काढण्याची तारीख लिहून वरिष्ठांकडून वेगळी मान्यता घ्या. उभारण्याची तारीख सगळे लिहितात. काढण्याची लिहिली नाही तर कुंपण पाच वर्षं तसंच गंजत राहतं.

कुंपणाचा तपशील असा. उंची २.४ मीटर. लोखंडी अँगलचे खांब तीन-तीन मीटरवर, ६० सेंटिमीटर जमिनीत. त्यावर साखळी जाळी, आणि खालच्या दीड मीटरला बाहेरून हिरवं शेडनेट. शेडनेटचं काम नजर अडवण्याचं. पलीकडे दिसत नसेल तर चितळ त्या ‘भिंतीवर’ जात नाही. नुसती जाळी त्याला घाईत दिसत नाही आणि ते तीवर आदळतं. काटेरी तार कुठंही नको. चितळ उडी मारून येण्यापेक्षा खालून घुसतं, त्यामुळे जाळीचा खालचा काठ जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत हवा आणि ओघळ जिथं आडवे जातात तिथं दगड रचून घ्यायला हवेत. पहिल्या जोरदार पावसानंतर सगळी लाईन चालून बघा, कारण ओघळातली फट त्याच रात्री तयार होते.

कोपरे काटकोनात करू नका, चार-पाच खांब वापरून गोल वळवा. रानकुत्री सावजाला कुंपणाच्या कोपऱ्यात दाबतात. ते शिकले की तुमचं कुरण त्यांचा सापळा होतं. समोरासमोरच्या दोन बाजूंना चार-चार मीटरची फाटकं ठेवा. शेवटचं फाटक लावण्याआधी आठ-दहा माणसांनी ओळ करून, आवाज करत, सगळा तुकडा चालून काढायचा. आत पाडस बसलेलं राहिलं आणि आई बाहेर, असं होऊ शकतं. आत बिबट असेल तर त्यालाही वाट मिळाली पाहिजे, म्हणून ओळ एका फाटकाकडून उघड्या फाटकाकडे न्यायची. त्यानंतर रोज सकाळी एक फेरी.

गव्यांसमोर ही जाळी टिकेलच असं नाही. गव्यांची पायवाट तुकड्यातून जात असेल तर तुकडाच सरकवा. वाटेत कुंपण घालून गव्याशी वाद घालण्यात काही मिळत नाही.

पैसे नसतील तर दुसरा मार्ग आहे, हळू पण चालणारा. उपटलेली घाणेरी (लँटाना) पूर्ण वाळवून, पिकलेली फळं नाहीत याची खात्री करून, पेरलेल्या पट्ट्यावर विस्कटून टाका. बोराच्या, बाभळीच्या काट्याही चालतात. जाड थर नको, खाली निम्मं ऊन पोचलं पाहिजे. काट्यांतून वर आलेलं पान खाल्लं जातं, बुडखा वाचतो. एका पावसाळ्यात काट्या कुजून बसतात, तोवर काम झालेलं असतं. हेक्टर-दोन हेक्टरला हे पुरतं. चारला माणसं कमी पडतात.

बी आणि ठोंब

बंद तुकड्यात आधी एक पाऊस नुसती वाट बघायलाही हरकत नाही. दर पाच पावलांत मारवेलाचा एक जिवंत ठोंब दिसत असेल तर पेरणीवर खर्च करू नका, विश्रांतीतच तो पसरेल. त्याहून विरळ असेल तर पेरा.

बी स्थानिक हवं, शक्यतो त्याच वनपरिक्षेत्रातलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुऱ्याचा वरचा तिसरा हिस्सा झडायला लागला की हातानं ओरबाडून गोळा करायचं. एकदम सगळा तुरा पिकत नाही, तेव्हा आठवड्यानं दुसरी फेरी. सावलीत वाळवून गोणपाटाच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर जागा व महिना लिहा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. जूनपर्यंत ती संपते. दोन वर्षांहून जुनं बी घेऊच नका. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून तीन आठवडे बघा. ३० पेक्षा कमी उगवले तर प्रमाण दुप्पट करावं लागेल. गवताच्या तुसात दाणा असतोच असं नाही. पिशवी फुगलेली आणि आत निम्मी तुसं पोकळ, हे नेहमीचं.

हे बी लवदार आणि हलकं, हातानं फेकलं की वाऱ्यावर जातं आणि उरलेलं मुंग्या नेतात. म्हणून गोळ्या करायच्या: वजनानं एक भाग बी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन भाग चाळलेली चिकणमाती, एक भाग वाळू. पाणी शिंपडत वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवा. बी हेक्टरी पाच ते सहा किलो. शेण गावातून आणलेलं ताजं नको. त्यातून गाजर गवताचं बी येतं, आणि लाळ्या-खुरकूतासारखा रोग गव्यांपर्यंत पोचवण्याचा धोका कोणी घेऊ नये.

जमीन नांगरायची नाही. खोल नांगरटीनं दोन गोष्टी होतात. वर्षानुवर्षं खाली पडून असलेलं तरोट्याचं टणक बी वर येतं, आणि ताज्या मातीवर रानडुकरं त्याच रात्री येतात. दोन-तीन सेंटिमीटर माती दाताळ्यानं ओरखडली की पुरे. जुने बांध असतील तर त्यांच्या वरच्या बाजूनं सुरुवात करा, तिथं ओल जास्त टिकते. गोळी मातीत एक सेंटिमीटरच्या वर खोल जाऊ नये. पेरणी मृगाच्या पहिल्या सरीला करू नका. एक-दोन सरी पडून पाऊस दडी मारतो आणि उगवलेलं सगळं करपतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वीतभर ओल गेली की मग.

ठोंब लावायचे तर सगळ्या चार हेक्टरांत लावण्याची गरज नाही. दर चार मीटरवर एक पट्टा, पट्ट्यात ५० सेंटिमीटर अंतरानं दोन ओळी, ओळीत ठोंबा-ठोंबात ५० सेंटिमीटर. हेक्टरी १०,००० ठोंब होतात, चार हेक्टरांना ४०,०००. सलग ५० बाय ५० लावलं असतं तर हेक्टरीच ४०,००० लागले असते. मधली जागा गोळ्यांनी आणि पट्ट्यांतून झडणाऱ्या बियांनी भरते. प्रत्येक ठोंबात मुळांसह दोन-तीन फुटवे, वरचा शेंडा १०-१५ सेंटिमीटरवर छाटलेला. लावल्यावर टाचेनं घट्ट दाबा. दुसऱ्या दिवशी पान धरून हलकं ओढा: पान तुटलं तर लावणी चांगली, ठोंब हातात आला तर मजुरांशी बोला. मूळ जागेवरचा ठोंब खणताना त्याचा तिसरा हिस्साच घ्या, बाकी जागेवर राहू द्या.

मिश्रणाबद्दल माझं मत असं: ताण कायम राहणार असेल तर मारवेल आणि लहान मारवेल मिळून दोन तृतीयांश, उरलेल्यात पवन्या-शेडा आणि थोडं डोंगरी गवत. शेडा जास्त घेतला की कागदावर छान दिसतं आणि कुंपण काढल्यावर तोच आधी जातो. शिवाय हे कोणासाठी, ते ठरवा. कान्ह्यात १९७० मध्ये बारशिंगे ६६ वर आले होते, तेव्हा त्यांना सावरायला कुंपणाचं आवार आणि उठलेल्या गावांची कुरणं दोन्ही उपयोगी पडली. पण बारशिंग्याला उंच गवत लागतं, पाडसं त्यात लपतात. चितळाला तोकडं रुचतं. गव्याला दोन्ही. एकाच तुकड्यात सगळ्यांचं होत नाही, म्हणून उंचीचे पट्टे ठेवायचे.

ज्वारी, बाजरी, मका पेरण्याची सूचना दरवर्षी कोणी ना कोणी करतं. अमेरिकेत हरणांसाठी क्लोव्हर, ओट पेरलेले तुकडे ठेवतात, त्याचं अनुकरण म्हणून. तिथं उद्देश बहुधा शिकारीचा असतो आणि जमीन खासगी. इथं पिकाची चव लागलेला कळप प्रकल्पाभोवतीच्या बफरमधल्या शेतात उतरतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. त्यातून कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसानं ओढ दिलेली असताना, सायनाइडचं विष असतं. युरियाची गोणी तर त्या जागेच्या आसपासही नको. सुबाभूळ, स्टायलो (शेंगावर्गीय चाऱ्याचं रोप) या बाहेरून आलेल्या वनस्पती राखीव जंगलात नेऊ नका, चारा म्हणून कितीही चांगली असली तरी.

तरोटा आणि घाणेरी

तरोटा चितळ खात नाही, म्हणून प्रत्येक घासागणिक त्याची बाजू वरचढ होते. काढायची वेळ एकच: फुलं येण्याआधी, माती ओली असताना. भाजीच्या वयाचा असतो तेव्हा खुरप्यानं निघतो, पण इतका दाट की माणूस कंटाळतो. गुडघाभर झाला की मुळासकट हातानं येतो. साधारण जुलैचा शेवट ते ऑगस्टचा तिसरा आठवडा. विळ्यानं कापू नका, खालच्या डोळ्यांतून फुटतो आणि बसका होऊन तेवढ्याच शेंगा धरतो. शेंगा आल्यावर उपटलात तर काम वाया गेलंच, शिवाय ढिगातून बी पसरतं. त्यानंतर उपटायचंच असेल तर ढीग कुरणाबाहेर न्या. तीन पावसाळे सलग करायचं. एका वर्षी बजेट नाही म्हणून सोडलं तर जमिनीतला साठा पुन्हा भरतो.

घाणेरी जमिनीच्या वर तोडली की दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी रुळवलेली पद्धत वापरा: मुख्य मूळ जमिनीखाली काही बोटांवर, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली कुदळीनं तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. मुळं मातीला टेकली नाहीत तर ते वाळतं. त्या जागी पुढचे दोन पावसाळे रोपं उगवत राहतात, तीही उपटायची.

सगळी झुडपं मात्र काढू नका. मधे मधे बोर, पळसाचे झुपके ठेवा. अगदी मोकळं मैदान चितळाला निर्धास्त वाटतं, दुरून सगळं दिसतं, मग कळप रात्रभर तिथंच बसतो आणि खातो. वाघ-बिबट दबा धरू शकतील अशी जागा जवळ असली की कळप हलता राहतो. चौक्यांच्या आणि विश्रामगृहांच्या आवारातलं गवत नेहमी सर्वांत जास्त खाल्लेलं का असतं, त्याचं उत्तरही यातच आहे.

पाणवठा आणि मिठाचं चाटण बंद होणाऱ्या तुकड्यांपासून दूर हवं. पाण्याभोवतीची जमीन तुडवली जाणारच, ती पाचव्या तुकड्यात तुडवली जाऊ द्या.

आगीबद्दल थोडक्यात. जाळलेल्या जागेवर हिरवे कोंब फुटतात आणि चितळ गोळा होतात, म्हणून जाळण्याचा मोह होतो. दरवर्षी जाळलेल्या जागेत कुसळी वाढते आणि जाळल्याबरोबर चराई झाली तर मारवेल हटतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. बंद तुकड्यात तेव्हा साठलेलं वाळकं गवत उभं असतं, म्हणून त्याच्याभोवती जाळरेषा (वणवा अडवायला जाळून मोकळा केलेला पट्टा) आधीच पूर्ण हवी. गवत जुनं, जाड झालं असेल तर जाळण्याऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरात ३० मीटरचे पट्टे एक सोडून एक कापा. कापलेल्या पट्ट्यात चितळ येतात, उभ्या पट्ट्यात बाकीचे लपतात.

पिंजरे, आणि तिसरं वर्ष

चितळ जास्त दिसले म्हणजे कुरण सुधारलं, असा निष्कर्ष काढू नका. भुकेलं जनावरही कुरणावरच दिसतं. मोजायचं ते गवत.

प्रत्येक खुल्या तुकड्यात पाच पिंजरे ठेवा: १.२ मीटर लांब-रुंद, एक मीटर उंच, वरूनही जाळी. चारही कोपऱ्यांना ६० सेंटिमीटरचे अँगल ठोका, नाहीतर डुकरं आणि गवे ते लोळवतात. मेअखेरीस मांडा. ऑक्टोबरअखेर पिंजऱ्यातलं मधलं एक चौरस मीटर आणि दहा पावलांवरचं बाहेरचं एक चौरस मीटर बुडापासून तीन बोटांवर कापा, वेगळं उन्हात वाळवा, वजन स्थिर झालं की तोला. चौरस मीटरला २५० ग्रॅम म्हणजे हेक्टरी अडीच टन. आतलं २००, बाहेरचं ११० आलं तर ४५ टक्के खाल्लं, ठीक आहे. बाहेरचं ५० आलं तर ७५ टक्के गेलं, म्हणजे तो तुकडा खाली चालला आहे, मग वरून कितीही हिरवा दिसो. पिंजरे दरवर्षी नव्या जागी, कारण एकाच जागी ठेवले की आत वेगळंच गवत तयार होतं आणि तुलना खोटी पडते.

फसतं ते बहुधा तिसऱ्या वर्षी. पहिल्या दोन तुकड्यांचं कुंपण दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात, बी पडल्यानंतर काढायचं असतं. उघडल्याबरोबर सगळा कळप तिथं जातो, हिवाळ्यात त्यानं काही बिघडत नाही. खरी परीक्षा पुढच्या जुलैत. काठीवर ५, १० आणि १५ सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी शंभर पावलं चालत प्रत्येक पावलाला गवताची उंची नोंदवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त नोंदी ५ च्या खाली असतील तर त्या तुकड्याचा अर्धा भाग काट्या टाकून लगेच झाका, सप्टेंबरची वाट बघू नका. त्याच वेळी पाचव्या तुकड्याच्या कडेचा थोडा भाग कापून ताजा फुटवा काढला तर कळपाचा काही भाग तिकडे वळतो.

कुंपण काढताना खांबांचे खड्डे त्याच दिवशी भरा. शेडनेटचे तुकडे आणि तारेची टोकं गोळा करायला दोन माणसं वेगळी लावा. गवतात पडलेली फूटभर तार चितळाच्या खुरात अडकते आणि पुढच्या पावसात ती कोणालाही दिसत नाही.